जोडातली भोकं

बसवकल्याणला थोरल्या भावाच्या, म्हणजे अण्णाच्या, वर्कशॉपमध्ये मी वेल्डिंग शिकले. नवं मिग मशीन आलं, तापलेल्या जोडाला हवा लागू नये म्हणून गनमधून तारेबरोबर गॅस सोडणारं, आणि पहिलंच काम मिळालं जवळच्या मेहकर गावातल्या एका ट्रॉलीचं. पण प्रत्येक जोडात बारीक भोकं पडायला लागली, जाळीदार धिरड्यासारखी. असा जोड पोत्यांच्या ओझ्याखाली टिकला नसता. आम्ही गंज घासला, तार बदलली, पंखा बंद केला. भोकं तशीच. गॅसचा काटा तर बरोबर होता.

मग माझ्या मनात आलं, गॅस गनपर्यंत पोचतोय तरी का? मी साबणाचा फेस केला आणि सिलिंडरपासून पाईपला लावत गेले. मशीनच्या मागं, पाईप जिथं बसवला होता, तिथं भराभरा फुगे आले!

"अण्णा, हितं बघ! गॅस हितूनच जायलाय!"

"व्हय की गं! आन् आपण गंज घासत बसलाव!"

त्यानं पाईपचं चिरलेलं टोक कापून नवी क्लिप आवळली. खराब जोड घासून काढून मी पुन्हा गन धरली. मघाची तडतड गेली, एकसारखा आवाज यायला लागला. तोंडावरची काच वर करून बघते तर जोड गुळगुळीत, एकही भोक नाही! मी आनंदानं ओरडलेच. उरलेली सगळी ट्रॉली मीच जोडली. अण्णाला गनला हात लावू दिला नाही.