दारावरचा साहेब

शेजारच्या म्हातारबाबांनी उभ्या जन्मात कुणाचं दार वाजवलं नसेल. मळ्यातून येताना रस्त्यावरूनच "हाय का रं घरात?" अशी हाक द्यायचे आणि मी 'ओ' देईपर्यंत स्वयंपाकघरात येऊन टेकलेले असायचे. हातात मेथीची जुडी, तोंडात बिबट्या. "लई माजलाय, पोरा. दार लावत जा."

त्या बिबट्यापायीच मी दार लावू लागलो, वर कॅमेऱ्याची बेलही बसवली; कुणी दाबली की माझ्या मोबाईलवर माणूस दिसतो, बोलताही येतं. पहिल्याच संध्याकाळी मी मंचरला दुकानात असताना मोबाईल वाजला. गिऱ्हाइकाच्या गडबडीत, न बघताच मी त्यात विचारलं, "कोण? काय काम आहे?"

मग बघितलं. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली होती.

"काम काय नाय, साहेब. असाच आलो व्हतो." मेथी उंबऱ्यावर ठेवून ते वळले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, अहो बाबा, तो मीच होतो. "तू व्हतास व्हय?" एवढंच म्हणाले, आणि चहा सांगितला.

त्यानंतर ते आले नाहीत. रोज मळ्यातून परतायच्या वेळेला माझ्या मोबाईलवर बेलचा तेवढा संदेश येतो: दारासमोरून कुणीतरी गेलं.