थरथरलेली आडवी रेघ

चिनी लिपीच्या वर्गात पहिल्या दिवशी फक्त एक आडवी रेघ शिकवली. ब्रश टेकवायचा, सावकाश उजवीकडे न्यायचा आणि थांबायचं. एवढी रेघ म्हणजेच ‘एक’ हे अक्षर. माझी रेघ मध्येच थरथरली. दुसरीही तशीच आली. बाबांचा कंपवात असाच सुरू झाला होता, सही करताना.

“काकू, श्वास रोखू नका,” तरुण शिक्षिका म्हणाली.

श्वास सोडला, तरी रेघ थरथरलीच. बॉलपेनने भराभर लिहिताना हे कधी दिसलंच नव्हतं. ब्रशची रेघ मात्र काहीच लपवत नव्हती. मी बाहेर जिन्यात येऊन मुलीला फोन लावला.

“डॉक्टरांकडे येशील माझ्याबरोबर?”

“आई, काय झालं?”

मला बाबांच्या आजाराचं नाव उच्चारवेना.