वरच्या खाचरातले बुडबुडे

नौपाड्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात बेसिनचं पाणी शेवटी गुडगुड करत उतरतं. तेवढ्या आवाजाला मी आजही हातातलं भांडं तसंच धरून थांबते. नवरा म्हणतो, प्लंबर बोलावू. मी म्हणते, बोलाव की, कोणी अडवलंय? मग तो विसरतो आणि मीही आठवण करून देत नाही.

बाबा गेले ते खडवलीला, आमच्या वरच्या खाचरात. उन्हाळी भात होतं. सकाळी नदीवरचा पंप चालू करून ते पाणी बघायला आत उतरले आणि तिथेच पालथे पडले. भावाने पाहिलं तेव्हा त्यांच्या तोंडापाशी बुडबुडे येत होते. कल्याणच्या हॉस्पिटलपर्यंत तो एकच बोलत राहिला, "श्वास आहे, मी बघितलाय." डॉक्टरांनी सांगितलं, पडले तेव्हाच गेले होते. बुडबुडे चिखलाचे होते. पाणी तुंबून राहिलं की खाली कुजणाऱ्या काडीकचऱ्यातून गॅस वर येतो, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. ठाऊक असून काय उपयोग झाला?

पुढच्या हंगामात आईने ते खाचर एक दिवसही कोरडं पडू दिलं नाही. सकाळचा चहा घेऊन ती बांधावर जाऊन बसायची. एकदा मी वैतागून विचारलं, "काय बघतेस गं तिथे?"

"बघत नाय. ऐकते."

"आई, चिखलाचा गॅस आहे तो."

"मला शिकवू नको. तुझ्या जन्माआधीपासून त्या चिखलात आहे मी."

मी शेजारी बसले. एक बुडबुडा आला, फुटला. मग बराच वेळ काही नाही, आणि पुढच्याची वाट बघताना माझाच श्वास अडकला. भयंकर राग आला मला. कोणाचा, ते आजही सांगता येत नाही.

यंदा भाऊ कुठल्याशा प्रशिक्षणाहून भोकं पाडलेले प्लास्टिकचे पाइप घेऊन आला. पाइप चिखलात पुरायचा, आत डोकावायचं, पाणी मातीखाली वीतभर गेलं की मगच पंप लावायचा. फुलोऱ्यात मात्र पाणी हवंच. एरवी माती अशी मधूनमधून सुकू दिली की तो गॅस, मिथेन, बराच कमी होतो, डिझेल वाचतं आणि पीक घटत नाही. खालच्या शेजाऱ्यांनी पाइप पुरलेसुद्धा. पण आमचं खाचर सगळ्यांच्या वर, त्याचं पाणी बांधांतून खाली झिरपणारं. ते भरलेलं असेपर्यंत खाली कोणाचंच सुकेना.

"आई, पाणी काढून टाकूया ना. तो गॅस वर जाऊन हवा तापवतो," भाऊ म्हणायचा.

हवेचं तुला कधीपासून पडलं रे, असा टोमणा माझ्या ओठांवर आला होता. गिळला. बाबा गेल्यापासून तो त्या खाचरात उतरलाच नव्हता, लावणीही मजुरांकडून करून घेतली होती. त्याला ते बुडबुडे नको होते आणि आईला दुसरं काहीच नको होतं.

एका रविवारी तो फावडं घेऊन बांधावर गेला. आई तिथेच बसलेली. त्याने फावडं उचललं, तेवढ्यात एक बुडबुडा फुटला आणि त्याने ते पुन्हा खाली टेकवलं. आईने त्याच्याकडे पाहिलं.

"तुला पण ऐकू येतं?"

"घरी पण येतं," तो म्हणाला.

ती उठली, फावडं त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतः बांध फोडला. पाणी उतरू लागलं तसे खाचरभर बुडबुडे उठले, इतके की मी कधी पाहिले नव्हते. भाऊ डोळे मिटून उभा राहिला. आईने त्याचं मनगट धरून ठेवलं होतं. मग चिखल उघडा पडला. काही दिवसांत त्याला भेगा पडल्या, आणि तिकडे फक्त पक्षी ऐकू यायचे.

फुलोऱ्याला पुन्हा पाणी भरलं ते भावाने, स्वतः आत उतरून. भात नेहमीइतकंच झालं, दाणाही भरलेला. झोडणी चालली असताना आईने सूप खाली ठेवलं.

"तो गॅस वर जातो म्हणालास ना? किती दिवस राहतो वर?"

"दहा-बारा वर्षं, म्हणतात," भाऊ म्हणाला.

तिने पदराने कपाळ पुसलं आणि वर पाहिलं.

"मग मला पुरेल तेवढा," ती म्हणाली.