किडनी जपणारं पथ्य

माणूस खाण्याबद्दल खोटं बोलतो, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. ते नोकरीने शिकवलं. "मॅडम, गोड अगदी बंद आहे," असं छातीवर हात ठेवून सांगणाऱ्या गृहस्थांच्या उशीखाली मी पेढ्यांचा पुडा पाहिला आहे. मीठ सोडलंय म्हणणारी आजी लोणच्याच्या बरणीला मीठ समजतच नाही. त्यामुळे नाशिकच्या या हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ म्हणून एवढी वर्षं काढल्यावर मी पेशंटचं बोलणं ऐकते आणि डोळे त्याच्या डब्याकडे ठेवते. घरचे म्हणतात, तुझ्या स्वभावातच संशय आहे. असेल. पण पगार त्याचाच मिळतो.

माझा संशय पेशंटपुरता थांबत नाही. हॉस्पिटलच्या आहारविषयक सूचनांची एक जाडजूड फाइल माझ्या ताब्यात आहे. शुगरवाल्यांना काय द्यायचं, ऑपरेशनआधी किती वेळ उपाशी ठेवायचं, नळीतून अन्न देताना काय पाहायचं, असं सगळं त्यात आहे. ही फाइल अद्ययावत ठेवणं हे माझं काम. बऱ्याच ठिकाणी हे काम इन्स्पेक्शनच्या आदल्या आठवड्यात होतं: मुखपृष्ठावरची तारीख बदलायची, खाली सही ठोकायची, की फाइल झाली ताजी. मला ते जमत नाही. कुठे नवीन गाइडलाइन आली की मी ती मागून वाचायला लागते, म्हणजे आधी शेवटचं पान, जिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे लिहिणाऱ्यांचा खर्च कुणी केला. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज कुणीतरी "न्यू गाइडलाइन, मस्ट रीड" म्हणून काहीतरी ढकलतं. त्यातलं निम्मं पावडर विकणाऱ्यांचं असतं. एकदा औषध कंपनीचा एक एमआर इतका गोड बोलून गेला, की तो गेल्यावर मी आधी पेन जागेवर आहे का ते पाहिलं.

तरी खरोखरचे बदलही होतात, आणि ते माणसाच्या ताटापर्यंत पोचवावे लागतात. तिथे खरी गोम असते. फाइलमधलं जुनं पान काढून नवं घालता येतं. लोकांच्या घरातलं पान कोण काढणार?

ज्या जोडप्याबद्दल मी सांगते आहे, ते निफाडकडचं. काका साखर कारखान्यात कारकून होते, आता निवृत्त. घरची थोडी द्राक्षबाग, ती काकूच बघायच्या. काकांच्या किडन्या हळूहळू निकामी होत चालल्या, तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे आले. मी त्यांना त्या वेळचं पथ्य लिहून दिलं: डाळ मोजकी, अंडी-पनीर जवळजवळ नाहीच, मीठ नावापुरतं, भाजी उकडून तिचं पाणी ओतून द्यायचं. समजावून सांगितलं, की प्रथिनं कमी खाल्ली की किडनीवरचा ताण कमी होतो, आहे ती जास्त दिवस टिकते. काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. काकू मात्र माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत मान डोलवत होत्या. मला अशा माना आवडत नाहीत. फार पटकन डोलणारी मान बहुतेक वेळा काही ऐकत नसते, असा माझा अनुभव.

पुढे काकांचं डायलिसिस सुरू झालं, आणि पथ्य उलटं फिरलं. डायलिसिसमध्ये प्रथिनंही वाहून जातात, म्हणून आता डाळ वाढवायची, अंड्याचा पांढरा भाग, पनीर, सगळं आलं. हा बदल लोकांना पटवणं हे आमच्या कामातलं सगळ्यात कटकटीचं काम. काल विष म्हणून सांगितलेलं आज औषध म्हणून सांगायचं, आणि समोरच्याने आपल्यावर संशय घ्यायचा नाही! काकूंनी घेतला नाही. त्यांनी नवा कागद घेतला, घरी अंडी कुणी शिजवत नव्हतं म्हणून अंगणात वेगळी चूल मांडली, वेगळं पातेलं आणलं, आणि काकांच्या रक्तातली प्रथिनं महिन्यागणिक सुधारत गेली. मी दोनदा त्यांचा डबा उघडून पाहिला. खरंच अंडी होती. मला जरा चुकल्यासारखंच झालं.

मग किडनी बदलायचं ठरलं. काकांच्या बहिणीची, म्हणजे काकूंच्या नणंदेची द्यायची इच्छा होती असं त्या सगळ्यांना सांगत, पण त्यांना शुगर, त्यामुळे प्रश्नच मिटला. काकूंचा रक्तगट जुळला. त्या तयार होत्या. तपासण्या सुरू झाल्या.

आणि काकू वाळायला लागल्या.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष काकांवर. दुसऱ्या फेरीच्या तपासणीत त्यांचं हिमोग्लोबिन बरंच खाली आलेलं निघालं, वजनही उतरलेलं. डॉक्टरांनी नाना तपासण्या केल्या, आतून कुठे रक्त जातंय का, कुठे गाठबिठ आहे का. काही निघेना. ऑपरेशन पुढे ढकललं. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर यांना दाता म्हणून बाद करावं लागेल, आणि दुसरा दाता घरात नाही. म्हणजे काकांना त्या मशीनवरच राहायचं, जितके दिवस शरीर साथ देईल तितके दिवस.

त्याच आठवड्यात नणंदबाई माझ्या खोलीत आल्या. दार लोटलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, कुणाला सांगू नका. ती मुद्दाम खात नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! द्यायची नाय तिला किडनी. तोंडानं नाय म्हणता येत नाय, मंग अशी वाळून दाखवती. डॉक्टरच नको म्हणले की सुटली. मी डोळ्यानं पाहते ना, जेवायला बसली की नुसती चिवडत बसती."

मी खोटं कशाला सांगू, मला ते लगेच पटलं. असे दाते असतात. घरादाराच्या दडपणाखाली हो म्हणतात आणि मनातून पळायची वाट शोधतात. त्यांना दोष देता येत नाही. स्वतःचा अवयव आहे, भाजीची जुडी नव्हे. अशा माणसाला कुणाला न कळता बाजूला काढायची रीतही हॉस्पिटलात आहे. डॉक्टरांनी माझ्याकडून काकूंच्या आहाराबद्दल अभिप्राय मागितलाच होता. "दाता जाणूनबुजून आहार टाळत असण्याची शक्यता" एवढं मी लिहिलं असतं, तर पुढचं आपोआप झालं असतं. वाक्य माझ्या डोक्यात तयार होतं.

पण संशय घ्यायचा तर सगळ्यांवर सारखा घ्यावा, अर्ध्यावर सोडू नये. नणंदबाई गेल्यावर माझ्या मनात आलं, या बाईला एवढी घाई कशाची? स्वतःची किडनी द्यावी लागली नाही, हे कुठेतरी टोचत असेल, म्हणून देणारीला खोटं पाडायचं? की खरंच भावाची काळजी? काही सांगता येईना. म्हणून मी दुसऱ्या दिवशी, काकांचं डायलिसिस चालू असताना, दुपारच्या जेवणाच्या वेळी बाहेरच्या बाकावर काकूंच्या शेजारी जाऊन बसले.

त्या दचकल्या. डबा अर्धा उघडला होता, तो त्यांनी पदराआड घेतला. झालं, मी म्हटलं, सापडली. आत काहीच नसणार.

"काकू, डबा दाखवा."

"राहू द्या हो मॅडम. साधाच हाय."

"दाखवा तर."

डब्यात अर्धी भाकरी होती आणि पांढुरकी झालेली दोडक्याची भाजी. तिला ना तिखट ना वास. मी बोट लावून चव घेतली. मीठ नव्हतं. डाळ नव्हती, दही नव्हतं, शेंगदाण्याचा कण नव्हता. भाजी उकडून तिचं पाणी ओतून दिलेलं होतं. असं जेवण आमच्या हॉस्पिटलात फक्त एका प्रकारच्या पेशंटला जातं, आणि तसं जेवण बनवायला या बाईला मीच शिकवलं होतं.

"हे काकांचं आहे का?"

"त्यांचं कशाला? त्यांना अंडी दिली ना. हे माझं."

"तुमचं? हे तुम्ही कधीपासून खाताय?"

"डॉक्टर म्हणले माझी जुळती, तवापासून."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता मीच काहीतरी लपवते आहे.

"तुम्हीच सांगितलं व्हतं की. ह्या पथ्यानं किडनी टिकती, तिच्यावर ताण येत नाय. ह्यांची तर गेली. मंग आता जी द्यायची हाय, ती जपाया नको?"

समोरून वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलत गेला, तो वळणाआड जाईपर्यंत मी त्याच्याकडेच बघत राहिले. रडू येत होतं आणि रागही येत होता. राग नणंदेचा, माझ्या डोक्यातल्या त्या तयार वाक्याचा, आणि त्या जाडजूड फाइलचा, जिच्यात किडनी बिघडत चाललेल्याला काय द्यायचं, डायलिसिसवाल्याला काय द्यायचं, नवी किडनी बसलेल्याला काय द्यायचं, सगळं होतं आणि किडनी देणाऱ्याने काय खावं याची एक ओळ नव्हती. ज्याला आजार आहे त्याचंच ताट आम्ही बघतो. ही बाई दिवसभर बागेत राबत होती, रात्री अंगणात अंडी उकडत होती, आणि स्वतः आजाऱ्याचं जेवण जेवत होती, तेही ज्याला ते लागू होतं त्याने सोडून दिलेलं.

"काकू," मी शेवटी म्हटलं, "ते पथ्य बिघडलेल्या किडनीचं होतं. तुमची चांगली आहे. तिला उपाशी नाही ठेवायचं. तुम्ही नीट जेवा. डाळ, उसळ, दही, पालेभाजी, अंडी चालत असतील तर अंडी. मीठ बेतानं, पण घाला."

मग त्यांचे डोळे बारीक झाले. आयुष्यभर मी पेशंटकडे ज्या नजरेने पाहिलं, तीच नजर माझ्यावर होती.

"खरं सांगता? का मी वाळले म्हणून बोलता?"

"खरं सांगते."

"तसा कागद हाय का?"

"कशाला?"

"घरी दाखवाया. नवरा आजारी असताना बाई अंडी खाती, दही खाती, म्हणजे काय बोलतील? नाय खाल्लं तर कुणी काय बोलत नाय मॅडम. खाल्लं की बोलतात."

त्या खात नाहीत म्हणून काय बोललं जातंय, ते मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

त्या दुपारी मी डॉक्टरांना गाठलं, मिळतील त्या गाइडलाइन धुंडाळल्या, शेवटच्या पानांसकट वाचल्या. देणाऱ्याने चौरस, नेहमीसारखं खावं, अंगात रक्त आणि ताकद राखावी, आपल्या मनाने पथ्यं करू नयेत, इतकी साधी गोष्ट. साधी म्हणूनच बहुधा कुणाला लिहावीशी वाटली नसेल. मी ती लिहिली, मोठ्या टायपात, मराठीत. डॉक्टरांनी सही केली. फाइलमध्ये एक नवं पान वाढलं. माझा अभिप्राय मी वेगळाच लिहिला, आणि डॉक्टरांनी तो वाचून चष्मा पुसला.

पुढचं सांगून टाकते. काकूंचं रक्त वाढायला बरेच महिने गेले. मग ऑपरेशन झालं. दोघंही बरी आहेत, आणि नणंदबाई आता सगळ्यांना सांगतात, की वहिनीला खायला मीच लावलं. सांगोत.

पण ती दुपार अजून संपली नव्हती. मी कागद घेऊन बाकापाशी परत आले. आमच्या संगणकात दात्याला स्वतःचा नंबर नसायचा. दात्याचे सगळे कागद पेशंटच्या नावावरच निघत. काकूंनी कागद हातात घेतला, एकेका ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचला आणि परत माझ्यापुढे धरला. बोट वरच्या ओळीवर होतं, काकांच्या नावावर.

"हे खोडा," त्या म्हणाल्या. "माझं नाव लिहा. नायतर घरी गेल्यावर हे बी मी त्यांनाच वाढीन."