लोन रायडरच्या मागच्या सीटवर मी बसत होते

आज, ह्यांच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, सकाळी बरोबर साडेनऊ वाजता, विजयनगरमधल्या आमच्या फाटकासमोर मला माझ्याच मोटरसायकलवरून उतरवण्यात आलं.

मी तेव्हा तिच्यावर बसलेलेही नव्हते.

झालं ते असं. येत्या रविवारी ह्यांचा टूरिंग क्लब मालोजीरावांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, आठवणीत बन्नूरपर्यंत राईड काढणार आहे. त्यासाठी गाडी तयार करायला दिली होती. बॅटरी बदला, ऑइल बदला, टायर बघा. एवढंच सांगितलं होतं.

क्लबचा कॅप्टन, नवीन नावाचा पोरगा, आज ती घेऊन आला. चकाचक. टाकीवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'लोन रायडर' असा स्टिकर.

आणि माझी सीट नाही.

माझ्या सीटच्या जागी सामान बांधायचं कॅरिअर.

"हेगिदे आंटी? कशी आहे? सूपर अल्वा?"

"माझी सीट कुठे आहे?"

"सोलो लूक आहे आंटी. अंकल म्हणजे लेजंड. एकटा वाघ."

"एकटा? मग मागे मी कोण होते?"

"तुम्ही... तुम्हीपण यायच्याच की. कधीकधी."

बाकीचं संभाषण कन्नडमध्ये झालं. ते मी मराठीत लिहीत नाही, तितकं झोंबणार नाही.

कधीकधी!

नवीन, तू क्लबमध्ये येण्याच्या कितीतरी आधीपासून मी त्या सीटवर कोडगू पाहिलंय, वायनाड पाहिलंय, आणि मुख्य म्हणजे तुझ्या अंकलची पाठ पाहिली आहे. तिची मला तुझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.

ह्यांच्या कमरेतला मणका सरकला होता. डॉक्टर म्हणाले, गाडी सोडा. हे म्हणाले, डॉक्टर सोडतो.

मग बंगळूरूहून रायडरसाठी बॅकरेस्ट आला. उंच, ताठ. रायडर आणि पिलियन, म्हणजे मागे बसणारी मी, यांच्या मधोमध बसणारा.

ह्यांची पाठ खूश. मागे लोखंडी पट्टी माझ्या पोटात, गुडघे दोन्हीकडे फाकलेले, बेडकासारखे. हिनकलच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला मी देवाचं नाव घेतलं आणि ह्यांचंही.

घरी आल्यावर म्हणतात, "बघ, आज अजिबात दुखलं नाही."

म्हटलं, "कसं दुखेल? सगळं माझ्याकडे पाठवलंत."

"आमच्या पूर्वजांनी घोड्यावरून मुलूख पालथा घातला. मागे बायको बसली होती का तक्रार करायला?"

"घोड्याला बॅकरेस्टही नव्हता. काढा."

काढला. पुढच्या खेपेला बन्नूरहून परत आलो तर ह्यांना गाडीवरून उतरता येईना. शेजारच्या दोघांनी पोतं उतरवावं तसं उतरवलं. मी हसले नाही. म्हणजे, ह्यांच्यासमोर नाही.

त्यानंतर हे कितीतरी दिवस शेडमध्ये गाडीला चिकटून होते.

बॅकरेस्ट कापून बुटका केला, फक्त कमरेला टेकेल इतका. थोडा कलता केला, कारण ह्यांना आधार खालच्या बाजूला हवा होता. उलट्या बाजूलाही जाड गादी शिवून घेतली. ती माझ्या पोटासाठी. आणि खाली पट्टी बसवून तिला दोन खाचा दिल्या. लिव्हर ओढला की बॅकरेस्ट पुढे किंवा मागे.

मागच्या खाचेत ठेवला की ह्यांना ऐसपैस रेलता यायचं आणि मी माझ्या मागच्या टेकणीला चिकटून आखडून बसायचे. पुढच्या खाचेत ठेवला की मला पाय मोकळे आणि हे ताठ.

करार असा: जाताना मागची खाच, ह्यांची. येताना पुढची, माझी. कुठेही गेलो तरी मोडायचा नाही.

लांबच्या टूरला अर्ध्या वाटेवर लिव्हर ओढायचा. अर्थात हे चालूपणा करायचे.

मी हेल्मेटवर टकटक करायचे.

"अजून अर्धं झालं नाही गं."

"मैलाचा दगड वाचता येतो मला. कॉन्व्हेंटमध्ये शिकवतात."

"अय्यो, सुम्ने बस ना पाच मिनिटं!"

सुम्ने म्हणजे गप्प. ते मला कधीच जमलं नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी लिव्हर ओढायचे. चहा नंतर, लिव्हर आधी.

आमची शेवटची राईड बन्नूरचीच. उसाच्या ट्रॅक्टरमागे रखडलो, चहा प्यायलो, निघालो. निघताना ह्यांनी न सांगता लिव्हर पुढे ओढला आणि म्हणाले, "बस, महाराणी."

त्याच आठवड्यात दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

वर्षभर ती गाडी शेडमध्ये उभी होती. लिव्हर पुढच्या खाचेत. माझ्या. मी कुणाला हात लावू दिला नाही. पुसतानाही नाही.

नवीन म्हणतो, "तो बॅकरेस्ट वाकडा होता आंटी, बुटका पण. जुनं डिझाईन. हिनकलच्या गॅरेजमध्ये पडलाय."

वाकडा नव्हता, बाळा. दोन माणसं त्यावर मावायला हवी होती.

तुम्हाला वाघ हवा असेल तर जरूर चिकटवा. पण माझ्या नवऱ्याला एकटा म्हणायचं नाही. तो माणूस रस्ताभर मागे वळून "ठीक ना?" विचारायचा आणि रस्ताभर शिव्या खायचा.

तर, टूरिंग क्लबचे कॅप्टन आणि समस्त वाघ यांना जाहीर सूचना.

माझी सीट, तिच्यामागची टेकण आणि तो 'वाकडा' बॅकरेस्ट गाडीवर पुन्हा चढवायचा. लिव्हर पुढच्या खाचेत. स्टिकर काढायचा. हे कधी आणि कोण करणार, याचं लेखी उत्तर मला शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत हवं. अंगठा आणि हात जोडलेलं चित्र म्हणजे उत्तर नव्हे.

रविवारी मागच्या सीटवर मी बसणार आहे. पुढे कुणी बसायचं ते तुम्ही ठरवा. जाताना पाठ दुखली तर सांगू नका. लिव्हर हलणार नाही, तो ह्यांनी माझ्यासाठी ओढलेला आहे.

आणि अहो, तुम्हाला श्रद्धांजली बाकीचे वाहतील. मी बन्नूरला चहा पिऊन येते.