साध्या तापाचं रक्त

"मुलगी बारीकच आहे हो. हिच्यातून निघेल का तेवढं?"

मी पोह्यांच्या बश्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. बोलणारे पिंपळगाव बसवंतचे द्राक्षवाले, आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींचे वडील. त्यांच्या शेजारी वरचे काका, म्हणजे वहिनींचे सासरे. दोघांच्या तोंडावर मास्क, त्यामुळे पोहे कसे खाणार हा प्रश्नच होता. पण दोन वडीलधारे घरी येऊन "मुलीला जरा बाहेर बोलवा" म्हणाले की आईचे हात आपोआप पोहे भिजवायला जायचे. त्यात मला एक स्थळ आलेलं होतं.

"हाडापेरानं मजबूत आहे," आई म्हणाली. "दिसते तेवढी नाजूक नाही."

ते स्वाइन फ्लूचं वर्ष होतं. नाशिकमध्ये लोक गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी बांधून भाजी आणायला जात होते. वहिनी गरोदर होत्या आणि आयसीयूत मशीनवर श्वास घेत होत्या. डॉक्टर म्हणाले होते, औषधं सगळी देऊन झाली; आता याच आजारातून बऱ्या झालेल्या कुणाच्या रक्तातला पिवळसर पाण्यासारखा भाग, प्लाझ्मा, देऊन बघता येईल. उपयोग होईलच असं नाही. पण माणूस लवकर मिळायला हवा.

तो माणूस म्हणजे मी होते, आणि हे सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं. मला न्यायला अँब्युलन्स आली तेव्हा प्रत्येक खिडकीत रुमाल बांधलेलं एक तोंड होतं. मी बरी होऊन परतल्यावर याच काकांनी जिन्यात थेट आमच्या दारापर्यंत फिनेल शिंपडलं होतं. तरी आईने सगळ्यांना "साधा ताप होता" असंच सांगितलं आणि सगळ्यांनी नाकावरचा रुमाल घट्ट दाबत "हो ना, हवाच तशी आहे" म्हणून ते मान्य केलं. स्थळं बघायला लागलेल्या मुलीला आजार होत नसतात.

मी दोघांच्या हातात बश्या दिल्या आणि आईची बशी घेऊन तिथेच उभी राहिले. आता काकांची पंचाईत झाली होती.

"ताई, मध्यंतरी हिला तो... साधा ताप आला होता ना?"

"साधाच."

"तसाच साधा ताप आमच्या सुनेला आलाय."

"मग काढा द्या."

काकांनी मास्क हनुवटीखाली ओढला, पोह्यांचा घास घेतला, मास्क परत वर. "काढ्याच्या पुढे गेलंय. असा ताप येऊन गेलेल्याचंच रक्त लागतंय."

"ताप काय, सगळ्यांना येतो. तुम्हाला नाही आला कधी?"

"म्हणजे... तेवढा साधा नाही."

"मग आमच्या हिचा नव्हता तो."

द्राक्षवाल्यांना हे सहन होईना. "वजन किती पोरीचं?"

"पन्नासच्या वर."

"कावीळ-बिवीळ?"

"छे! आजवर साधं इंजेक्शन टोचलेलं नाही. स्वयंपाक सगळा येतो." आईची गाडी सुटली ती थांबेना. "चांदवडच्या स्थळालाही आम्ही हेच सांगितलंय."

"चांदवड? मंग आमच्या नात्यातलेच निघतील की," द्राक्षवाले सवयीनं बोलून गेले.

आईचा चेहरा उतरला. काकांनी कपाळाला हात लावला.

"हिला काही झालं नव्हतं," आई हळूच म्हणाली. तिचा आवाज कातर झाला होता. "तुम्ही दुसरीकडे विचारा ना. एवढ्या गावात मिळेल कुणीतरी."

"समद्या गावात विचारलं. जो तो साधाच ताप म्हणतो." द्राक्षवाल्यांचा मास्क डोळ्यांखाली ओला झाला होता. "ताई, माझ्या लेकीला श्वास घेता येत नाय. मी चांदवडला एक शब्द बोलायचा नाय. तुम्ही फक्त एकदा हो म्हणा."

आईने त्यांच्या बशीत आणखी पोहे वाढले. तिला दुसरं काही सुचलं नसावं. मग तिने माझ्याकडे पाहिलं, पाहुणे आल्यावर पाहायची तसंच: खाली बघ, विचारल्याशिवाय बोलू नकोस. मी खाली बघण्यात तरबेज होते. शरीर रोगाशी कसं लढतं, एकदा लढलं की त्याची खूण रक्तात कशी राहते, यावर मी शाळेत पानभर उत्तर लिहिलं होतं, आकृतीसकट, पण इंग्रजीत. बैठकीच्या खोलीत मोठ्या माणसांसमोर ते मराठीत कसं म्हणतात मला येत नव्हतं. हातातली बशी टीपॉयवर ठेवताना चमचा खाली पडला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"आई, स्वाइन फ्लूच झाला होता मला. काका, गाडी खाली आहे ना? चला."