बाईंच्या गाडीचं नाक

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंचे आहेत. आईवडिलांचं निराळं, ते असं सांगायचं नसतं. पण मी पदवीधर झालो, पुण्यात नोकरीला लागलो, कर्वेनगरात लहानसा फ्लॅट घेतला, हे बाईंमुळे. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. कॉलेजचा फॉर्म बाईंनी भरला. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी एसटी मिळेना, तेव्हा स्वतःच्या छोट्या गाडीत माझी पत्र्याची ट्रंक टाकून मला पुण्याला त्यांनीच आणलं. मागच्या सीटवर वडील होते. पुढची सीट दोन्ही हातांनी धरून ते पुण्यापर्यंत तसेच बसले.

बाईंच्या वर्गात खोडरबर चालत नसे. गणित चुकलं तर पान फाडायचं नाही, खोडायचं नाही. वरून एकेक पायरी तपासत खाली यायचं, पहिली चुकलेली पायरी शोधायची, तिच्याभोवती पेन्सिलनं चौकट करायची आणि शेजारी कारण लिहायचं. आम्ही बहुतेक जण शेवटच्या पायरीला चौकट करायचो, कारण उत्तर तिथं चुकलेलं दिसायचं. बाई वही परत देत. "हा परिणाम झाला. चुकलास कुठं ते दाखव."

निवृत्तीनंतर बाईंना काचबिंदू निघाला. बाजूचं दिसेनासं होत गेलं. "नळीतून बघावं तसं दिसतं," त्या म्हणाल्या. एकट्या राहणाऱ्या बाईंनी गाडी चालवणं सोडलं आणि चावी माझ्या हातात दिली. "गाडी तुला देत नाहीये. माझ्यासाठी तुझ्याकडे ठेवतेय. पुण्याला डोळे दाखवायला न्यायचं, परत सोडायचं. एवढं तुझं काम."

हे काम मी दोन वर्षं केलं. शेवटच्या खेपेला खंबाटकीच्या घाटात गाडीचा दम गेला. दुपारची वेळ, एसी चालू, चढ संपेना. एसी बंद करावा लागला. मागून ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. बाई घामानं भिजल्या, पदरानं मान पुसत म्हणाल्या, "तिचंही वय झालंय रे." त्याच खेपेला डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या डोळ्यातला दाब औषधानं उतरत नाही, ऑपरेशन करावं लागेल आणि उशीर करून चालणार नाही. गेलेली नजर परत येत नसते, उरलेली राखायची. एका सोमवारची तारीख मिळाली. आदल्या दिवशी, रविवारी, मी बाईंना घेऊन यायचं ठरलं.

त्या घाटासाठी मी काहीतरी करायचं मनावर घेतलं. इंटरनेटवर शोधताना हवेचा एक स्वस्त संच सापडला. शंकूच्या आकाराचा लाल फिल्टर, ॲल्युमिनियमची वळलेली नळी, रबरी जोड आणि कसायच्या पट्ट्या. इंजिनावरची मूळची काळी प्लास्टिकची पेटी काढायची आणि हा संच बसवायचा. इंजिनाला थंड हवा जास्त मिळते आणि चढाला जोर येतो, असं त्यावर छापलं होतं.

मी तो संच आधी आमच्या मिस्त्रींना दाखवला. सदाशिव पेठेत मी विद्यार्थी म्हणून खोलीवर राहायचो, तेव्हापासूनची त्यांची ओळख. त्यांच्या घराण्याच्या तीन पिढ्या पुण्यात गेलेल्या. त्यांच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं, त्याच जागेत यांनी गॅरेज काढलं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही.

"नळी कुठं उतरवणार, साहेब?"

"खाली, बंपरच्या मागे. तिथं थंड हवा असते, चाचा. कागदावर चित्र आहे."

त्यांनी कागद हातात घेतलाही नाही. "कंपनीनं नाक वर ठेवलंय. तुम्ही गुडघ्याला लावा."

"पण यात स्पष्ट लिहिलंय."

"मग कागदालाच विचारा. मी बसवणार नाही."

मला राग आला नाही. वाईट वाटलं. इतका जाणता माणूस, पण वाचायची सवय नाही, असं मला खरोखर वाटलं. आमच्या घरात पहिलं छापील पुस्तक माझ्या दप्तरातून आलं. छापलेल्याच्या आधारानंच मी गावाबाहेर पडलो होतो. समोरचा माणूस एक सांगतो आणि कागद दुसरं, तर मी कागदाकडे जायचो. आजवर त्यात नुकसान झालं नव्हतं.

बाईंना आणायच्या आठवडाभर आधी, रविवारी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी स्वतःच ते काम केलं. दहा नंबरचा पाना, एक स्क्रूड्रायव्हर, जुनी चादर. पेटी सुटायला वेळ लागला नाही. तिचं तोंड हेडलाइटच्या वर, पार बॉनेटच्या कडेशी होतं, हे मी पाहिलं आणि पुढे गेलो. बंपरच्या मागचं चिखल अडवणारं प्लास्टिक आड येत होतं, ते काढून टाकलं. शेवटी एक बोटाएवढी रबरी नळी उरली. ती कुठं जोडायची हे कागदावर नव्हतं. तिच्या तोंडाला कापड बांधलं.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ दुधाची पिशवी घेऊन थांबले. "काय, आता उडणार का ही?"

"नाही हो. घाट चढली तरी पुष्कळ."

"घाट लांब राहिला. आधी गेटपर्यंत नेऊन दाखवा."

गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. आवाज मोठा, भरदार येत होता. मी तो जोर समजलो. काळी पेटी पुसून माळ्यावर टाकली आणि बाईंना फोन केला की या वेळी घाटात एसी बंद करावा लागणार नाही. त्या हसल्या.

शनिवारी संध्याकाळी बाईंच्या नजरेच्या तपासणीचा रिपोर्ट आणायला मी पेठेतल्या दवाखान्यात गेलो. परतताना नदीपात्रातला रस्ता धरला. खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं. रस्ता अजून बंद केलेला नव्हता, पण एका सखल जागी पाणी आलं होतं, चाकाच्या निम्म्याला लागेल इतकं. माझ्यापुढे आमच्यासारखीच छोटी, आमच्याइतकीच जुनी एक गाडी होती. ती सावकाश पार झाली. मी तिच्यामागे घातली. मध्यावर आलो आणि गाडीनं एक आचका दिला. पाठोपाठ सगळं शांत झालं.

मी चावी फिरवली. आतून खट असा आवाज आला. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा फिरवली.

दोन स्कूटरवाल्यांनी उतरून गाडी ढकलत काठाला लावली. तिथून टोचन लावून ती चाचांच्या गॅरेजला नेली. चाचांनी बॉनेट उघडलं, लाल फिल्टर ओढून काढला आणि माझ्यासमोर पिळला. त्यातून गढूळ पाणी गळालं.

"बंद पडल्यावर चावी किती वेळा मारली?"

"तीनदा."

"हवा दाबली जाते, साहेब. पाणी दाबलं जात नाही. आत दांडी वाकली असणार. उद्या उघडून बघतो, पण उद्या चालू होईल अशी आशा ठेवू नका."

मी आशा ठेवली. रविवारी सकाळपासून गॅरेजच्या पायरीवर बसून राहिलो. दहा वाजता बायको डबा घेऊन आली.

"अहो, टॅक्सी करू या ना. चार तासांत बाई इथं येतील."

"बघतो."

"काय बघताय? गाडी उद्या दुरुस्त होईल, परवा होईल. तारीख उद्याची आहे."

टॅक्सी मला सुचली नाही, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. सुचली होती. पण टॅक्सी घेऊन बाईंच्या दारात उभं राहिलो असतो तर गाडी कुठे आहे, हे सांगावं लागलं असतं. त्यांनी पंधरा वर्षं जपलेली गाडी मी एका कागदाच्या भरवशावर पाण्यात घातली, हे तोंडानं सांगायचं होतं. दुपारी इंजिन उघडलं. दांडी वाकून आतली भिंत फुटली होती. मी गॅरेजच्या बाहेर येऊन फोन लावला.

"बाई, आज यायला जमत नाहीये."

"का रे? गाडी बरी आहे ना?"

"गाडी बरी आहे. ऑफिसात अचानक काम निघालंय."

"रविवारी?"

"हो. तपासणी आहे वरून."

"मग काम कर. नोकरी आधी. डोळा कुठं पळून जातोय? पुढची तारीख घेऊन टाक."

मागे वळलो तर चाचा हात पुसत दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते आत गेले.

पुढची तारीख पाच आठवड्यांनी मिळाली. त्या वेळी मी टॅक्सी केली. बाई तयार होऊन ओट्यावर बसल्या होत्या. गाडीत बसल्यावर त्यांनी दाराला हात लावून काच खाली करायची मूठ शोधली. मूठ नव्हती, बटण होतं.

"आपली गाडी?"

"सर्व्हिसिंगला टाकलीय."

"हं." घाट लागला. तेव्हा त्या म्हणाल्या, "उजव्या डोळ्याचं आता काही राहिलं नाही. दोन आठवडे झाले. फोनवर सांगितलं नाही, म्हटलं तू कामात असशील."

टॅक्सीनं घाट कधी ओलांडला, मला कळलं नाही.

डॉक्टरांना मी बाईंच्या माघारी विचारलं, आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, "वाचला असता असं मी सांगू शकत नाही. वाचला नसता असंही सांगू शकत नाही." डाव्या डोळ्यातही दाब वाढत होता, त्याचं ऑपरेशन झालं. त्यात थोडं दिसतं, सरळ समोरचं, आणि अक्षर मोठं असेल तर वाचता येतं. बाईंना घरी सोडून आलो. मग तीन रात्री कागद घेऊन बसलो. चौथ्या दिवशी हे पत्र टाकलं.

तीर्थस्वरूप बाईंना साष्टांग नमस्कार.

गाडी सर्व्हिसिंगला नव्हती. तिचं इंजिन फुटलं आहे आणि ते मी फोडलं. ऑपरेशनच्या पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी, रविवारी, ऑफिसात काम नव्हतं. मी गॅरेजमध्ये बसून होतो.

तुम्ही शिकवलं तसं सगळं वरून खाली, न खोडता, सोबतच्या कागदावर लिहिलं आहे. गाडीची मूळची पेटी काढली, ही पहिली पायरी. मिस्त्रींनी सांगितलेलं ऐकलं नाही, ही दुसरी. पाण्यात गाडी घातली. तीनदा चावी मारली. आधी मी पेटीला चौकट केली होती, मग चावीला. पण त्या चुका गाडीच्या होत्या. गाडी मोडली तरी तुम्ही सोमवारी दवाखान्यात पोचू शकत होता. तुमच्या बाबतीत चुकलेली पहिली पायरी "गाडी बरी आहे" ही आहे. तिला चौकट केली आहे. शेजारी कारण लिहिलं आहे: तुमच्यासमोर लाज वाटली म्हणून.

माळ्यावरची पेटी काढून चाचांकडे दिली आहे. ते दुसरं जुनं इंजिन शोधत आहेत. मिळालं तर गाडी पूर्वी होती तशी करून तुमच्या दारात उभी करीन. नाही मिळालं तर तेही कळवीन. पुढच्या तपासणीला मी न्यायला येतो. तुम्हाला दुसऱ्या कुणाबरोबर जायचं असेल तर तसं सांगा, मी टॅक्सी पाठवीन आणि दवाखान्याच्या बाहेर थांबेन.

अक्षर मोठं काढलं आहे. डाव्या डोळ्यानं वाचता येईल असं वाटतं. नाही आलं तर शेजारच्या कुणाकडूनही मोठ्यानं वाचून घ्या. मला लाज वाटेल म्हणून तसंच ठेवून देऊ नका.

आपला विद्यार्थी